‘व इतर’ म्हणजे कोण?

माघ सरून फाल्गुन लागला, की आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांना वसंताची बाधा होते. शेतकऱ्याच्या घरी त्या दिवसांत शाळूची काढणी चाललेली असते, खळ्यावर कणसांचा ढीग पडलेला असतो, विहिरीचा तळ दिसू लागतो आणि ऊन चाळिशीच्या घरात शिरते. कोकिळा कुठे ओरडत असली तर ओरडो बापडी, आमच्या कुणब्याला तिच्याकडे कान द्यायला सवड नाही. पण इकडे गावातल्या मैदानावर मांडव पडतो, कमान उभी राहते, आणि साहित्य, संगीत व कला यांचा वसंतोत्सव मोठ्या थाटाने सुरू होतो. पुण्याचा वक्ता येतो, मुंबईचा गवई येतो, तीन दिवस टाळ्या पडतात, चौथ्या दिवशी मांडववाला बांबू उपसून नेतो. या उत्सवाविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कडू लागतील. लागोत, कडुनिंबाचा पाला पाडव्याला आपण हौसेने खातोच.

प्रथम एक गोष्ट साफ सांगून टाकतो, म्हणजे कुणी आमच्या नावाने उगाच बोटे मोडणार नाही. आम्ही विद्येचे वैरी नव्हे. ज्याने निम्मे आयुष्य पोरांना बाराखडी गिरवून देण्यात घालविले, त्याने व्याख्यानाला आणि काव्याला नावे ठेवावी कशी? न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. लोकांच्या कानी चार शहाणपणाच्या गोष्टी पडाव्यात हा हेतू चांगलाच होता, आणि पुढे गावोगाव त्याचे अनुकरण झाले. खेड्यातली एखादी मुलगी जिवंत कवी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहते आणि घरी जाऊन वहीच्या मागच्या पानावर काहीबाही खरडू लागते, हेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा उत्सव बंद करा असे आमचे म्हणणे नाही. उत्सवाची पत्रिका जरा इकडे द्या, एवढेच म्हणणे आहे.

पत्रिका हातात घ्या व वाचकहो, वरून खाली वाचीत या. सर्वांत वर उद्घाटकाचे नाव, नावामागे मान, नावापुढे पदवी. त्याखाली प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागताध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक. मग वक्त्यांची नावे, गवयाचे नाव, गवयाच्या तबलजीचेही नाव. ते योग्यच आहे. मग देणगीदारांची यादी, ध्वनिव्यवस्था अमुक, मंडप अमुक, छपाई अमुक. आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: लोककला दर्शन – हलगी, संबळ, गोंधळ, भारूड व इतर.

काय हा चमत्कार! हलगी आपोआप वाजते काय? संबळ काय झाडाला लागतो? तबल्याला वाजविणारा आहे आणि हलगीला नाही? ज्या मातंग बांधवाने ती हलगी जाळावर शेकून शेकून सुरात आणली, ज्याच्या बापाने त्याला नख आणि छडीचा मेळ शिकविला, तो माणूस या एका ओळीत कुठे गडप झाला? तो ‘व इतर’ मध्ये गेला. त्या दोन शब्दांच्या पोटात आमच्या जिल्ह्यातले सगळे गोंधळी, वाघे, मुरळ्या, पोतराज, सनईवाले, वासुदेव आणि जात्यावर गाणाऱ्या आयाबहिणी मावतात. एवढे मोठे पोट कुंभकर्णाचेही नव्हते.

कुणी म्हणेल, मास्तर, नावात काय आहे? व्यासपीठ दिले, लोकांपुढे आणले, सन्मान केला, हे थोडे का? त्या सन्मानाचा हिशेब आता मांडू. मांडववाल्याला पैसे मिळतात, कारण तो न दिले तर बांबू सोडवून नेईल. ध्वनिवाल्याला आगाऊ मिळतात. गवयाला बिदागी मिळते, गाडीभाडे मिळते, उतरण्याची सोय होते. मिळालीच पाहिजे, विद्या फुकट नाही. फेटे बांधणाऱ्याला दर फेट्यामागे पैसे मोजतात. आणि हलगीवाल्याला? शाल आणि श्रीफळ. नारळ घरी नेऊन फोडला तर एक वेळची चटणी होते. शाल पांघरून चूल पेटत नाही. शिवाय ती शाल पाहावी तर कुठल्या परगावच्या गिरणीतली, हात लावताच वीज खेळणारी! ज्या सोलापूरच्या चादरीचे नाव देशभर गेले, जिला २००५ साली भौगोलिक निर्देशांकाचा शिक्का मिळाला, त्या सोलापुरातले माग गिऱ्हाईक नाही म्हणून थांबतात आणि आमच्याच उत्सवात परक्या शाली वाटल्या जातात. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पूर्वी बलुते होते. ती पद्धत वाईट होती, माणसाला जन्माने बांधून टाकणारी होती, तिचे गोडवे आम्ही कधीच गाणार नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने मोडण्याचा कायदा १९५८ साली झाला आणि ते जू कागदावर तरी उतरले. पण याच फाल्गुन-चैत्रात खळ्यावर वाजविणारा आला की त्याच्या पदरात निदान चार पायल्या ज्वारी पडत होती. आता धान्य गेले आणि फुकट वाजवून घेण्याची खोड तेवढी राहिली. बलुत्यातले देणे बुडविले, घेणे जपून ठेविले. याला नव्या युगाची कलासेवा असे नाव आहे!

शाळेतल्या पोरांचे तेच. उत्सवाच्या पहिल्या दिवशी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ग्रंथ ठेवतात, पुढे लेझीम पाहिजे, लेझीम म्हणजे शाळेची पोरे. एका तालुक्याच्या गावी आमच्या मुलांना सकाळी आठला उभे केले. पाहुण्यांची मोटार साडेदहाला आली. उन्हाने दोन मुली खाली बसल्या. दिंडी मांडवाच्या दारात पोचली तेव्हा आत खुर्च्या निमंत्रितांच्या आहेत असे सांगून पोरांना बिस्किटाचा पुडा हातावर ठेवून वाटेला लावले. ज्यांच्यासाठी साहित्य म्हणावयाचे ती पोरे पालखीला खांदा देण्यापुरती, आणि पालखीतले ग्रंथ पाहावे तर ते परत कपाटात. त्यातले एक तरी पुस्तक त्या शाळेला द्यावे हे कुणाच्या डोक्यात आले नाही.

पण नाव न छापण्याने नुसता मान जातो असे समजू नका. पोट जाते. ते कसे, हे नीट ऐका, कारण या लेखाचा गाभा हाच आहे.

वृद्ध साहित्यिक व कलावंतांना दरमहा मानधन देण्याची राज्य सरकारची एक योजना आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले आहे, आणि २०२४ पासून मानधन महिन्याला ५,००० रुपये झाले आहे. वयाची पन्नाशी उलटलेल्या गरीब कलावंताने अर्ज करावयाचा. शेतमजुराच्या म्हाताऱ्याला पाच हजार म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. आम्ही शाळामास्तर, गावातले अर्ज आमच्याच ओट्यावर लिहिले जातात. आमच्या गावी एक म्हातारा हलगीवाला आहे. चाळीस वर्षे त्याने या पंचक्रोशीतली एकही जत्रा चुकविली नाही. लग्नात तो, मिरवणुकीत तो, पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत तो. उत्सवात तर लागोपाठ तीन साले त्याला बोलावून नेला. त्याचा अर्ज आम्ही लिहिला व तो कचेरीत गेला. तिथे पहिला प्रश्न: पुरावा काय? कार्यक्रम केल्याचे दाखले, पत्रिका, वर्तमानपत्राची कात्रणे जोडा. म्हाताऱ्याने आपल्या तळहाताचे घट्टे पुढे केले. घट्ट्यांची साक्षांकित प्रत निघत नाही.

मग आम्ही त्या तीन सालांच्या पत्रिका शोधून काढल्या. तिन्हींवर मंडपवाल्याचे नाव आहे, छापखान्याचे आहे, अल्पोपाहार देणाऱ्याचे आहे. म्हातारा ‘व इतर’ मध्ये आहे. आता ‘व इतर’ या नावाचे आधारकार्ड कुठून आणावे? गवयाला हे मानधन मागण्याची पाळी बहुधा यायची नाही, आली तर त्याच्यापाशी पत्रिकांची पेटी भरलेली. ज्याला ते पाहिजे त्याच्यापाशी चिठोरा नाही. छापखान्यात एक ओळ वाचविली, तिची किंमत म्हाताऱ्याने दरमहा भरावयाची! अहो उत्सवाच्या चालकांनो, तुम्ही त्याला बिदागी दिली नाही हे एक झाले. पण तुमच्या पत्रिकेवरचे त्याचे नाव ही त्याची म्हातारपणची भाकर होती, तीही तुम्ही मोडून खाल्लीत.

ही खोड आजची नव्हे. १८७८ साली पुण्यास ग्रंथकारांची पहिली सभा भरली आणि दुसरी १८८५ च्या मे महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच. त्या दुसऱ्या सभेचे आमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांना गेले. जोतीरावांनी जाण्याचे नाकारले व तसे पत्र धाडले. शूद्रादिशूद्रांना माणुसकीचे हक्क द्यावयाला जे तयार नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. हेच जोतीराव १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले होते आणि कमिटीने ते नापसंत केले होते. म्हणजे आम्ही दारात गेलो तर पाटी परत, आणि आमंत्रण आले तर ते माणुसकी वगळून. पुढे १९५८ च्या मार्चात दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले व त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९९९ साली धारावीत विद्रोही संमेलन भरले, अध्यक्ष बाबूराव बागूल. लोकांनी वेगळे मांडव घातले ते हौसेने नव्हे. घरात पान वाढले असते तर कोण अंगणात चूल मांडतो?

आणि आम्ही अडाणी म्हणविणाऱ्या लोकांनी आपल्या उत्सवांत नावे कशी जपली तेही पाहा. सोलापुरात संक्रांतीला सिद्धरामेश्वराची गड्डा यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात. त्या अक्षता कुणाच्या? कुंभाराच्या लेकीच्या. सिद्धरामाच्या योगदंडाशी तिचे लग्न लागले अशी कथा आहे, आणि एवढ्या मोठ्या यात्रेचा मुख्य सोहळा त्या कुंभारकन्येवाचून होत नाही. माढे तालुक्यात अरण आहे. ते गाव सावता माळ्याचे म्हणूनच ओळखतात, कुणा जहागीरदाराचे म्हणून नव्हे. पंढरपुरात महाद्वारी पहिली पायरी नामदेव शिंप्याची. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी चढतात, त्यांत मानाची कावड भुतोजी तेल्याची. तेली गेला त्याला शतके लोटली, पण डोंगर चढताना नाव त्याचेच घेतात. बारा गावांच्या अडाणी लोकांनी एका तेल्याचे नाव इतकी वर्षे तोंडात ठेविले, आणि तुमच्या पदवीधरांच्या मंडळाला एका हलगीवाल्याचे नाव छापखान्यापर्यंत नेता येत नाही!

चोखोबाची गोष्ट तर सर्वांस ठाऊक. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर तो मजूर होता. १३३८ साली कूस ढासळले आणि तो खाली गाडला गेला. नामदेवांनी येऊन त्याच्या अस्थी ओळखल्या व पंढरीला नेल्या असे सांगतात. त्याच भिंतीखाली त्याच्याबरोबर दुसरे मजूरही गेले. ते कोण होते? ते ‘व इतर’. चोखोबाला ओळखणारा नामदेव भेटला म्हणून आज त्याची समाधी आहे. आणि समाधी महाद्वारी असूनही चोखोबाच्या लोकांना आत जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, हेही विसरता येत नाही.

कुणी असा समज करून घेऊ नये की आम्ही येथे जातीचे खाते उघडून बसलो आहोत. सोलापूरचा राम जोशी ब्राह्मणाचा मुलगा. पेशवाईच्या उतरत्या काळात तमाशाच्या नादाने घराबाहेर पडला आणि धोंडी शाहिराच्या फडात जाऊन उभा राहिला. रेठऱ्याचा श्रीधर कुलकर्णी वृत्ती टाकून पठ्ठे बापूराव झाला. कलेपुढे सोवळे टाकणारांस आमचा रामराम आहे. पण हिशेब बघा. राम जोशीवर १९४७ साली राजकमलने बोलपट काढला, त्याच्या लावण्यांची पुस्तके निघाली, परीक्षेला प्रश्न आले. ज्याच्या फडात तो शिकला त्या धोंडी शाहिराविषयी आमच्या किती पदवीधरांना चार वाक्ये बोलता येतील? चेला पाठ्यपुस्तकात, आणि उस्ताद तळटिपेत.

नाव मिळाले आणि दाम मिळाला नाही, असेही होते. विठाबाई नारायणगावकर हिचा जन्म १९३५ साली आमच्या पंढरपुरात झाला. बापाच्या फडात नाचत वाढलेली ही बाई तमाशाची सम्राज्ञी झाली. खेळ चालू असता कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही तिची हकीगत साऱ्या महाराष्ट्राने डोळे पुसत ऐकली आहे. राष्ट्रपतींनी तिचा गौरव केला. आणि २००२ च्या जानेवारीत ती गेली तेव्हा शेवटचे दिवस हलाखीत, औषधपाणी लोकांच्या मदतीवर. आता तिच्या नावाने सरकार दरवर्षी पुरस्कार देते. पुरस्कार चांगला आहे. तिला स्वतःला तो कामाला आला नाही.

तमाशाचा हंगाम दसऱ्याला उघडतो व वैशाखी पौर्णिमेला मिटतो. त्यातली खरी कमाई चैत्राच्या जत्रांची. म्हणजे आमच्या लोकांचा वसंतोत्सव जर कुठला असेल तर तो हा. गावोगावचे पंच पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन सुपारी देतात आणि त्या सुपारीवर मोठ्या फडातल्या शंभर-शंभर माणसांचे वर्ष निघते. २०२० सालचा पाडवा २५ मार्चला आला, आणि त्याच दिवसापासून टाळेबंदी लागली. जत्रा बंद, राहुट्या बंद. पुढल्या चैत्रातही तेच. लागोपाठ दोन चैत्र बुडाले, तेव्हा ज्यांनी आयुष्यभर लोकांना हसविले त्यांच्या घरांत सावकार शिरला. त्या दोन वर्षांत संगणकाच्या पडद्यावर किती काव्यसंमेलने झाली! वगातल्या सोंगाड्याला मात्र पडद्यावर कुणी बोलाविले नाही.

आता जरा आपल्याच पायाखाली पाहू. पूर्वी आम्ही म्हणत होतो की खुर्चीवर भटजी आणि शेटजी बसले आहेत. आज तालुक्याच्या उत्सवात खुर्चीवर कोण आहे? आपलेच पाव्हणे. कारखान्याचे संचालक आपले, बँकेचे अध्यक्ष आपले, संस्थाचालक आपले. भाषणात फुले-शाहू-आंबेडकर यांची नावे एका दमात घेतात. पण पत्रिका छापावयाची वेळ आली की जुन्याच पंगतीची पाने मांडतात; आधी मानकरी, मग पाहुणे, उरलेसुरले दाराबाहेर. वाढपी बदलला, पंक्तिप्रपंच तोच. आम्हांस तर हा नवा वाढपी अधिक टोचतो. जुना निदान आपल्या घरचा नव्हता.

आणि शेतकरीदादा, तुम्हीही हात झाडून मोकळे होऊ नका. जत्रेतून हलगीवाल्याला बाजूला सारून छाती फोडणारी डॉल्बी कुणी आणली? वर्गणी तुमचीच होती. फडाने वग लावला तर पाच मिनिटांत सिनेमाचे गाणे लावा म्हणून शिट्ट्या मारणारी पोरे कुणाची? तमाशाला बाईला बोलवावयाचे, रात्रभर टाळ्या पिटावयाच्या आणि सकाळी तिच्याच पोराला आमच्या शाळेत नावे ठेवावयाची, ही रीत तुमच्याच ओसरीवर वाढली. ते बंद करा, मग उत्सवाच्या चालकांकडे बोट दाखविताना हात कापणार नाही.

हे होऊ शकत नाही असे नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव लिहून ठेविले. ज्या बायांचे नाव सातबाऱ्यावरही नसते त्यांचे नाव त्यांच्या ओवीवर आहे. बार्शीचा शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) गिरणीत राबलेला माणूस. त्याच्याबरोबर त्याच्या आईचे, मुनेरबीचे, नाव लोक घेतात, कारण गाणे तिच्याकडून आले. अकलूजला १९९३ पासून लावणीची स्पर्धा भरू लागली, तिथे फडाचे नाव पुकारून फड उभा राहतो व बक्षीस रोख असते. सोलापूरला २००६ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली, सोलापुरातच जन्मलेले. अरण्यात छत्तीस वर्षे नोकरी करून त्यांनी पक्ष्यांचे व झाडांचे जे शब्द मराठीत आणले, त्यांतले कितीतरी आदिवासी आणि पारधी यांच्या तोंडचे होते, आणि ते कुणाकडून मिळाले हे सांगावयास ते कधी लाजले नाहीत.

जाता जाता आणखी एक. सोलापूर हे गाव मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार तोंडांनी बोलते. सिद्धरामेश्वराची वचने कानडी. मागावर बसणारा पद्मशाली तेलुगू बोलतो. अक्कलकोटच्या शाळेत आमच्या मास्तरबंधूंना दोन्ही भाषा पाहिजेत. मग उत्सवात एक सायंकाळ तरी कानडी-तेलुगू गाण्याची का नसावी? आणि विडी वळणारी बाई हजार विड्यांचा हिशेब पुरा केल्याशिवाय उठत नाही. तिला दुपारी चारचे कवीसंमेलन कसे ऐकता येणार? वेळ रात्रीची ठेवा, जत्रेत ठेवतात तशी.

तेव्हा आता काय करावयाचे ते सांगतो. उत्सवाचे चालक वर्गणीसाठी दारात येतील. त्यांना हाकलू नका, पाणी द्या, बसवा. वर्गणीही द्या, पण पावती फाडण्याअगोदर पत्रिकेचा कच्चा खर्डा मागा. त्यात हलगी, संबळ, सनई, भारूड, ओवी यांपुढे माणसाचे पूर्ण नाव व गाव आहे काय ते पाहा. नसेल तर म्हणा, नावे घालून आणा, पैसे पेटीत ठेविले आहेत. बिदागी किती ठरली ते विचारा, आणि मांडववाल्याच्या आकड्याशेजारी ती मांडा. उत्सवाचा जमाखर्च चावडीवर लावण्याचे कबूल करून घ्या. गुरव, गोंधळी, मातंग, कोल्हाटी बंधुभगिनींनीही एक करावे: वाजवावयास जाण्याआधी चिठ्ठी मागावी. चिठ्ठीत तारीख, गाव, कार्यक्रमाचे नाव, आपले पूर्ण नाव, वाद्य किंवा कला, मिळालेली रक्कम आणि मंडळाचा शिक्का व सही. शाल नको म्हणावे, चिठ्ठी द्या म्हणावे. जत्रेच्या पंचांकडूनही अशीच चिठ्ठी घ्यावी, मग जत्रा केवढीही लहान असो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याने ती आपल्या गावच्या शाळेत आणावी. शिक्षकबंधूंना आमची विनंती आहे की त्यांनी शाळेत एक वही घालावी, चिठ्ठीची नक्कल त्यात उतरवावी व चिठ्ठी परत द्यावी. ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी, कौलाखाली खोचू नये. पावसाळ्यात कौल गळते आणि शाई जाते.